एक्केचाळिसाव्या पानावरची लाल रेघ

सकाळी अकराला वीस कमी असताना पुस्तकबाईंचा फोन वाजला आणि पलीकडून त्यांची धाकटी बहीण एकदम म्हणाली, "ताई, तुमच्या पंपाने चार घेतलं."

ना कशी आहेस, ना जेवलीस का. एरवी धाकटीचा फोन म्हणजे आधी पोरांच्या तक्रारी, मग नवऱ्याच्या, मग स्वतःच्या गुडघ्याच्या, आणि खरा मुद्दा फोन ठेवता ठेवता. आज मुद्दा पहिल्याच वाक्यात आला.

पुस्तकबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांच्या कंपनीत इस्पितळातल्या औषधाच्या पंपांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. लहान बाळाच्या शिरेत औषध सोडायचं तर तासाला किती मिली सोडायचं, हे सांभाळणारा तो पंप. कंपनीतल्या प्रत्येक गोष्टीचं माहितीपुस्तक गेली अकरा वर्षं या बाई लिहीत होत्या, म्हणून सगळे त्यांना पुस्तकबाई म्हणत. आणि धाकटी होती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. एक बहीण पंपाचं पुस्तक लिहिणारी, दुसरी तोच पंप रोज हाताळणारी. घरात याची थट्टा व्हायची. मधल्या काळात ती थट्टा बंद झाली होती, त्याचं कारण येईलच.

"चार घेतलं म्हणजे?"

"म्हणजे तासाला चार मिली. आजपासून पंप दोनच्या वर घेणार नाही, असं तुमचंच पत्र भिंतीवर लावलंय ना? सकाळी तुमचा माणूस नऊ पंपांत नवीन सॉफ्टवेअर भरून गेला. मी पाण्याची सिरिंज लावली आणि मुद्दाम चार भरलं. गपगुमान घेतलं त्याने. विचारलंसुद्धा नाही."

"छे, तसं होऊच शकत नाही," पुस्तकबाई म्हणाल्या. सवयीने तोंडातून गेलं.

"असं तू तेव्हाही म्हणाली होतीस," धाकटी म्हणाली. "तेव्हा मी तुझं ऐकलं. आज पंप माझ्यासमोर आहे, ताई. व्हिडिओ पाठवते, बघ." आणि फोन ठेवला.

तेव्हा म्हणजे चार वर्षांपूर्वी. धाकटीच्या हातून पंपात शून्य दशांश आठच्या जागी आठ भरलं गेलं होतं. तेव्हा मर्यादा होती पाचची. पाचच्या वरचं काहीही भरलं की पंप किंचाळायचा, आणि तरीही द्यायचं असेल तर लाल बटण दोनदा दाबावं लागायचं. धाकटी शपथेवर सांगत होती, मी आकडा चुकले, पण पंप किंचाळला नाही आणि मी बटण दाबलं नाही. चौकशी समितीने पंपाचं पुस्तक उघडलं आणि सांगितलं, बटण दाबल्याशिवाय पंप आठ देऊच शकत नाही, म्हणजे बटण दाबलं. त्या काळी पंप अशा गोष्टींची नोंदही ठेवत नसत, तपासायचं कुठे? बाळ तीन दिवस या काठावर की त्या काठावर असं होतं. वाचलं. धाकटीला वर्षभर वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं. आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून थोरल्या बहिणीने समजूत घातली होती, "अगं, थकली असशील, दाबलं गेलं असेल. पंप तसं करूच शकत नाही, मीच लिहिलंय." धाकटी महिनाभर नाही नाही म्हणत राहिली. मग एके दिवशी तिने ते म्हणणं सोडलं. पुस्तकबाईंना वाटलं, चला, सावरली एकदाची.

तेव्हापासून धाकटीची खोड अशी की नवीन सॉफ्टवेअर आलं रे आलं की आधी पाणी लावून पंपाला मुद्दाम चुकीचा आकडा भरवायचा. वॉर्डातल्या बाकीच्या तिला हसायच्या. हसोत बापड्या.

व्हिडिओ आला. पडद्यावर चार. खाली हिरवा दिवा. सिरिंज सुरळीत सरकतेय.

पुस्तकबाई जिन्याने खाली धावल्या. लिफ्टची वाट बघायला जीव थाऱ्यावर नव्हता, कारण त्या नऊ पंपांवर फक्त चाचणी होती. बाकीच्या चाळीस इस्पितळांत तेच सॉफ्टवेअर दुपारी दोनला जायचं होतं. आणि भिंतीवरचं पत्र सगळीकडे आधीच गेलं होतं. आता पंपच सांभाळून घेईल म्हणून चाळीस ठिकाणच्या नर्सा निर्धास्त होणार होत्या.

खाली चाचणीच्या खोलीत सहा पंप ओळीने टबांत पाणी ठिबकवत होते. बिल्डवाला तिथेच होता. रोजचं पॅकेज बांधून बाहेर पाठवणं हे त्याचं काम, म्हणून तो बिल्डवाला. पस्तिशीचा, कमी बोलणारा, चष्म्याची एक काडी टेपने चिकटवलेला.

"अरे, दोनची मर्यादा चालत नाहीये."

"कोण म्हणतं?" त्याने जवळच्या पंपात चार भरलं. पंप असा किंचाळला की दारातून जाणारा माणूस दचकला. "हे काय, चालतेय की बाई. चार दिवस तपासलंय सगळ्यांनी."

"यात काय भरलंय?"

"चाचणीचं पॅकेज."

"दोनला जे जाणार आहे ते भर."

"दोन्ही एकच आहेत हो."

"भर म्हणते ना!"

पुस्तकबाईंचा आवाज चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने निमूटपणे वायर लावली. भरायला सहा मिनिटं लागली. त्या सहा मिनिटांत पुस्तकबाईंनी टबातल्या थेंबांकडे बघत किती वेळा घड्याळ बघितलं, त्याची गणती नाही. मग त्याने चार भरलं आणि सुरूचं बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. पाणी ठिबकायला लागलं. पंपाचा आवाज नाही की काही नाही.

"बाप रे," बिल्डवाला म्हणाला आणि खाली बसला.

तिथून दोघं त्याच्या टेबलापाशी गेली. इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पंपाचं सॉफ्टवेअर म्हणजे कोडचे दोनशे तुकडे, आणि मर्यादेसारखे आकडे वेगळ्या तक्त्यांत. ते एकत्र बांधून त्यांचं पॅकेज करणारं टूल कंपनीने घरीच बनवलं होतं, आणि त्याला सगळे मुकादम म्हणत. दोनशे तुकडे दर वेळी नव्याने बनवायचे तर चार तास जातात. म्हणून जो तुकडा बदललेला नाही, तो मुकादम आपल्या साठ्यातून जुनाच उचलतो आणि पॅकेजात बांधतो. चाचणीचं मशीन वेगळं, तिथे साठा ठेवतच नाहीत, म्हणून तिथे सगळं ताजं. बाहेर जाणारं पॅकेज मात्र साठ्यातून.

"मर्यादेचा तक्ता मी बरोबर घेतला होता," बिल्डवाला पडदा सरकवत म्हणाला. "हा बघा, यात दोन आहे. या वेळी बदल एवढाच होता, पाचाचा दोन. बाकी कोडच्या एका ओळीलाही हात लावला नाही. मुकादमाचा अहवालसुद्धा बघा: तक्ता नवा, पॅकेज नवं, सगळं ठीक."

"मग पॅकेजात पाच कसा?"

"जुना तुकडा उचलला असणार. पण का उचलेल? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय." त्याने पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, "पान एक्केचाळीस. तक्त्यातला एक आकडा जरी बदलला, तरी त्या तक्त्यावर अवलंबून असलेले सगळे तुकडे मुकादम नव्याने बनवतो."

वाक्य पुस्तकबाईंचंच. त्यांना त्या वाक्यातलं 'जरी' सुद्धा आठवत होतं. घालावं की नाही म्हणून खल केला होता.

"पुस्तक राहू दे. मुकादमाच्या पोटात बघ."

बिल्डवाल्याने मुकादमाचा स्वतःचा कोड उघडला. एकदा वाचला, दोनदा वाचला. "बाई, हा फक्त कोडच्या फायली बघतो. कोड बदलला तरच नवा तुकडा बनवतो. तक्त्याचा इथे उल्लेखच नाही. आजवर तक्त्याबरोबर थोडाफार कोडही बदलायचा, म्हणून नवं बनायचं. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

"मग हे पान कुठून आलं?"

पुस्तक कोणी लिहिलं हे त्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने पुस्तकबाईंकडे बघायचंच टाळलं.

आता या कंपनीची एक रीत. मुकादम ज्यांनी बनवला त्यांना सगळे मास्तर म्हणत, आता ते निवृत्त झालेत. मास्तरांचा नियम होता, आधी पान, मग काम. एखादी गोष्ट करायची ठरली की ती झाली आहे असंच आधी पुस्तकात लिहायचं आणि समासात लाल रेघ ओढायची. मग त्या पानाबरहुकूम काम करायचं, आणि काम झालं की रेघ पुसायची. रेघ आहे तोवर ते पान म्हणजे नुसतं वचन. रेघ गेली की खरं. मोठी हुशारीची रीत म्हणून पाहुण्यांना सांगायचे. हुशारी कसली डोंबलाची! सगळा डोलारा एका रेघेवर.

पुस्तकाच्या जुन्या प्रती कंपनीत जपून ठेवतात. पुस्तकबाईंनी एक्केचाळिसावं पान मागे मागे नेलं. पाच वर्षांपूर्वी रेघ नाही. सहा वर्षांपूर्वी, मार्च महिना, रेघ नाही. त्याच्या एक दिवस आधी: लाल रेघ. आणि रेघ पुसणाऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव.

ती दुपार त्यांना आत्ता आठवली. दुसऱ्या दिवशी परवान्याची तपासणी होती. मास्तर घाईघाईने येऊन म्हणाले होते, अशी लाल लाल पानं तपासनिसाला दाखवायची का? काढून टाक सगळ्या, आठवड्याभरात करतो मी. सतरा रेघा होत्या. पुस्तकबाईंनी त्या एका दुपारी सतराच्या सतरा पुसल्या आणि त्यानंतर गेली सहा वर्षं त्यांच्या मनात तो विचारही आला नव्हता.

त्यांनी तिथूनच मास्तरांना फोन लावला.

"तक्त्याचं ना? ते झालं की," मास्तर म्हणाले. मागे कुठेतरी नळ वाहत होता.

"नाही झालं, मास्तर."

"असं कसं? सोळा आठवली, ती केली मी. मग म्हटलं काही राहिलं का बघू, म्हणून सगळं पुस्तक चाळलं. कुठे रेघ दिसेना. म्हटलं, संपलं."

"रेघा तुम्हीच पुसायला लावल्या होत्या मला."

नळ बंद झाला. "अरे देवा," मास्तर म्हणाले. "हो गं. मीच."

घड्याळात पाऊण वाजला होता.

पाठवणी थांबवायची तर मॅडमची सही लागते, म्हणून दोघं त्यांच्याकडे गेली. मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख. काचेच्या खोलीत बसतात, आवाज न चढवता बोलतात. त्यांनी व्हिडिओ बघितला, चाचणीच्या खोलीतला पंप खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, आणि खोलीत परत येऊन थांबवण्याचा फॉर्म काढला. इथवर सगळं ठीक. फॉर्ममध्ये एक रकाना होता: चूक कोणाची? त्यापुढे दोन चौकोन. माणूस. टूल.

मॅडमनी पेन 'माणूस'वर टेकवलं.

"मॅडम, टूलची चूक आहे," पुस्तकबाई म्हणाल्या.

"कळलं मला. बसा जरा. टूल लिहिलं की सहा वर्षांत मुकादमाने बांधलेलं प्रत्येक पॅकेज संशयात. परवाना त्याच पुस्तकावर मिळालाय. तो गेला की एकशे दहा माणसं घरी." मॅडम बिल्डवाल्याकडे वळल्या. "माणूस लिहिलं की आज एक फॉर्म, तुला एक ताकीद. ताजं पॅकेज बांध, संध्याकाळी पाठवू. मुकादम आपण सावकाश दुरुस्त करू. बाळांना धोका नाही, कोणाचं पोट जात नाही. चुकीचा तक्ता घेतला गेला, एवढंच लिहायचं."

बोलणं असं मुद्देसूद की वाद कुठून घालायचा तेच कळेना. बिल्डवाला चष्म्याची टेप चाचपत उभा होता. त्याच्या कामात ताकीद म्हणजे काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. पुन्हा कोणी त्याच्या हाती पंपाचं पॅकेज देणार नव्हतं.

"मी तक्ता बरोबर घेतला होता," तो खाली बघत म्हणाला. वाद घालावा तसं नाही, नुसतं सांगावं तसं.

असंच, याच सुरात, पुस्तकबाईंनी हे कुठे ऐकलं होतं? मी बटण दाबलं नव्हतं, ताई. यंत्र चुकत नाही असं पुस्तकात लिहिलंय, म्हणजे माणूस चुकला. सगळं तेच.

त्यांनी हात पुढे केला. "मॅडम, फॉर्म द्या इकडे."

"बाई..."

"पुस्तक माझं आहे ना? मग रकाना मी भरते."

त्यांनी 'टूल'वर खूण केली. खाली मोकळ्या जागेत लिहिलं: पान ४१ खोटं आहे. मुकादम तक्त्यातला बदल बघत नाही, कधीच बघत नव्हता. काम झालेलं नसताना त्या पानावरची लाल रेघ तपासणीच्या आदल्या दिवशी मी पुसली. मग सही, तारीख, वेळ: एक वाजून बारा मिनिटं.

मॅडम तो कागद बराच वेळ बघत राहिल्या. फाडून टाकणं काही अवघड नव्हतं, खोलीत तिघंच होती. त्यांनी फाडला नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. "उद्यापासून तुम्ही इथे असाल असं मला म्हणता येणार नाही, बाई," त्या म्हणाल्या आणि सही केली.

एक वीसला दोनची पाठवणी थांबली. पाच मिनिटांत धाकटीच्या इस्पितळाला निरोप गेला: नऊही पंप वापरातून काढा, मोठ्यांच्या वॉर्डातले जुने आणून लावा. पुस्तकबाई बिल्डवाल्याच्या टेबलापाशी येऊन धपकन बसल्या. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. आभारबिभार मानण्यातला तो नव्हता, पण पेला स्वतःच्या रुमालाने पुसून दिला.

"आता सहा वर्षांतलं सगळं काढायला लागेल," तो म्हणाला. "कोड न बदलता फक्त तक्ता बदलला, असं आणखी कधी झालंय का." त्याने दोनचार ओळी लिहिल्या, यादी पळाली, थांबली. "हुश्श! आजचं धरून दोनच. आणि जुनं आपोआप सुधारलंय. तीन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या तुकड्याचा कोड बदलला, तेव्हा तक्ताही नवा गेला. म्हणजे ते तीन महिनेच काय ते."

"कुठला तक्ता?"

"हाच. नवजात बाळांचा. दहाची मर्यादा पाचवर आणली होती. चार वर्षांपूर्वी, ऑगस्ट."

पेला पुस्तकबाईंच्या हातातच राहिला.

त्या ऑगस्टपासून तीन महिने. धाकटीने आठ भरलं ती सप्टेंबरची नऊ तारीख होती. पुस्तकात पाच, पत्रात पाच, चौकशी समितीच्या अहवालात पाच. पंपात दहा. दहाच्या आतलं आठ पंप मुकाट्याने घेणारच. तो किंचाळेल कशाला आणि लाल बटण मागेल कशाला?

"बाई, बरं वाटत नाही का?"

त्या उठल्या, जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि फोन लावला. धाकटीने पहिल्या रिंगला उचलला.

"थांबवलंस?"

"थांबवलं."

"आमचेही काढले. आता धावपळ आहे नुसती, जुने पंप मोजून मापून लावतोय." तिचा आवाज हलका झाला होता. "बघ, मी म्हटलं नव्हतं? उगाच हसतात मला."

"ऐक ना," पुस्तकबाई म्हणाल्या. "तेव्हाही हेच झालं होतं. तुझ्या वेळी. तुझ्या पंपाची मर्यादा पाच नव्हती गं, दहाच होती. त्याने तुला विचारलंच नाही. तू बटण दाबलं नव्हतंस."

पलीकडून वॉर्डाचा आवाज येत राहिला. चाकं फिरल्याचा, कोणीतरी सिरिंज मागितल्याचा.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"समितीचं मी मानलंच नव्हतं," धाकटी हळू म्हणाली. "ते काय, परके लोक. मला माहीत होतं मी दाबलं नाही. मग तू म्हणालीस, दाबलं असशील. तेव्हा मानलं, ताई. इतकं मानलं की मला आता ते बटण दाबल्याचं आठवतं. बोटाखाली लागतंसुद्धा."

पुस्तकबाईंनी खिडकीचा गज धरला.

मागे एक बाळ रडायला लागलं, अगदी बारीक आवाजात. "थांब हं," धाकटी म्हणाली आणि फोन न ठेवता, तसाच कुठेतरी टेकवून गेली. पुस्तकबाई फोन कानाला लावून, ते रडणं थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.